सलीम मास्तरांचा आखाडा

माझ्या मानेवर तलवार आली तेव्हा मी चहा गाळत होते. सलीम मास्तर माडीवरून धडधड जिना उतरून आले. गळ्यात टेप, कानावर खडू, तोंडात चार टाचण्या. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "मावशी, वार आलाय. मानेच्या उंचीवर."

"कुणाचा?"

"सरदाराचा. डावीकडून."

डावीकडे पानवाला बसला होता. तो सुपारी कातरत होता. मी मास्तरांना चहा विचारला. त्यांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, पण टाचण्यांमुळे त्यांना धड रडताही येत नव्हतं.

जव्हारच्या बाजारात माझी चहाची टपरी आणि मास्तरांचं शिवणकामाचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. दुकानाच्या माडीवर दिनेश नावाच्या पोराने कॉम्प्युटरचं कॅफे काढलं होतं. चार मशिनं, मध्ये प्लायवूडच्या फळ्या. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. लोक तिथे निकाल बघायला, अर्ज भरायला जात. मास्तर लढायला जात.

कॉम्प्युटरवर मराठी माणसांचं एक पान होतं, त्याला आखाडा म्हणत. त्यात चित्र नाही, आवाज नाही, पळणारी बाहुली नाही. नुसती अक्षरं. एकाने लिहायचं, मी अशी तलवार फिरवली. दुसऱ्याने ते वाचून लिहायचं, मी असा वाकलो. मग परत पहिल्याने. पुण्याचे, नाशिकचे, अमेरिकेतले लोक त्यात होते. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. एकेक लढाई महिना महिना चाले. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, एवढ्या वेळात खरा माणूस मारून त्याचे दिवससुद्धा घालून झाले असते.

मास्तर हसले नाहीत. आखाड्याबद्दल ते हसत नसत. माणूस पाच फुटांचा, छाती म्हणजे हँगरला लावलेला शर्ट. आवाज असा की गिऱ्हाइकाला दोनदा विचारावं लागे. पण आखाड्याचे नियम सांगायला लागले की ताठ बसत.

"मावशी, 'मी मारलं' असं लिहायचं नसतं. 'मारायला गेलो' एवढंच लिहायचं. लागलं का, किती लागलं, ते ज्याच्यावर वार झाला त्याने लिहायचं."

"मग कोण मरायला 'लागलं' लिहील?"

"तेच तर आहे. जो कधीच लागू देत नाही, त्याच्याशी दुसऱ्यांदा कुणी लढत नाही."

आणखी दोन नियम होते. आज पाय मोडला असं लिहिलं तर उद्या पळायचं नाही, जखम बरी होईपर्यंत वागवायची. आणि एका माणसाचा एकच लढवय्या. तो मेला की त्या माणसाने आखाड्यातून उठायचं, नवं नाव घेऊन परत शिरायचं नाही.

मला वाटतं मास्तरांना हे नियम नवे नव्हतेच. दुकानातही ते तसेच वागत. पहिल्यांदा कपडा घातला की बाकीचे शिंपी म्हणतात, "एकदम फिट!" मास्तर म्हणत, "कुठं टोचतं ते घालणाऱ्याने सांगायचं, शिवणाऱ्याने नाही." मग गिऱ्हाईक आरशासमोर हात वर करून, बसून, वाकून बघे. गर्दीच्या दिवसांत सुद्धा.

कॉलेजच्या एका पोराने शेजारच्या मशीनवर बसून आखाड्यात मास्तरांच्या लढवय्याचं मुंडकं उडवलं. तसंच लिहिलं, "मुंडकं उडालं, खेळ खलास." मास्तर फळीच्या अलीकडे होते. ते त्याला तोंडाने एक शब्दही बोलले नाहीत. अंगुस्तान घातलेल्या बोटाने टकटक करत लिहिलं, "आपण तलवार फिरवलीत, आभारी आहे. मुंडकं माझं आहे. त्याचं काय झालं ते मी सवडीने कळवतो." दिनेशने हे सगळ्या बाजाराला वाचून दाखवलं. ते पोरगं आठ दिवस तिकडे फिरकलं नाही.

असा माणूस तलवारीच्या गोष्टीपुरता शहाणा असेल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण एकदा स्टँडवर सूर्यमाळचा एक माणूस आणि जीपवाला यांची जुंपली. जागा मीच धरली होती, नाही मी धरली होती. हात चालले. पोलिसांना बोलवा म्हणून ओरडा झाला. मास्तर तिथे बटणं आणायला गेले होते. ते मध्ये शिरले आणि बारीक आवाजात जीपवाल्याला म्हणाले, "तू फक्त सांग, तू काय करायला गेलास."

"मी याच्या थोबाडात मारली!"

"मारली म्हणू नको. मारायला गेलो म्हण. लागली का ते हा सांगेल." मग सूर्यमाळवाल्याकडे वळले. "लागली का?"

त्या माणसाच्या ओठातून रक्त येत होतं. हातात स्वतःचा दात होता. आजूबाजूला त्याच्या पाड्यावरची माणसं उभी होती. त्याने दात मुठीत घेतला आणि म्हणाला, "मला नाय लागली. ह्याची काय ताकद?"

"नाही लागली," मास्तर म्हणाले. "मग भांडण कसलं?"

पोलिसांना काही कामच उरलं नाही. जीपवाला वरमला आणि त्याने पुढची सीट दिली. सूर्यमाळवाला त्या सीटवर तोंड मिटून बसला. मास्तर बटणं घेऊन आले आणि मला म्हणाले, "बघितलंत? नियम पाळला की कुणी कुणाला मारत नाही." मी म्हटलं, दात पडला त्याचं काय. म्हणाले, "तो त्याचा त्याने सांगायचा होता."

हा माणूस न्यायी होता की येडा, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्यांच्या मापाच्या वहीतलं एक पान गिऱ्हाइकांचं आणि समोरचं पान आखाड्याचं असे. दुपारी शिवता शिवता पुढची चाल सुचली की खडू ठेवून तिथे लिहीत, संध्याकाळी वर जाऊन मशीनवर उतरवीत. एकदा तलवारीची लांबी छत्तीस लिहिली ती कापताना हेडमास्तरांच्या पॅन्टची झाली. हेडमास्तर ती घालून झेंडावंदनाला उभे राहिले तेव्हा त्यांचे मोजे संपून वर चार बोटं पाय दिसत होता. शाळेची पोरं राष्ट्रगीतात हसली. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कापडाची नवी पॅन्ट शिवून नेऊन दिली, पण शमीमने ते मनात धरलं.

शमीम म्हणजे मास्तरांची बायको. काजं ती करायची, बटणं ती लावायची, गिऱ्हाइकांच्या शिव्याही तीच खायची. मास्तर जिना चढायला लागले की ती खालून म्हणे, "जा, जा. तिकडे कुणाची तरी मान उघडी पडली असेल. इकडे पन्नास कॉलर उघड्या पडल्यात."

आता तलवारीखाली माझी मान कशी आली ते सांगते.

एका सकाळी दिनेशने चहा घेताना विचारलं, "मावशी, गुडघा कसा आहे?"

"तुला काय करायचंय?"

"मला नाही. अमेरिकेतला एक माणूस विचारत होता."

तेव्हा कळलं. मास्तरांचा लढवय्या म्हणजे एक म्हातारी होती. पोशेऱ्याची म्हातारी. डोक्यावर पदर, कमरेला कोयता, गुडघा दुखरा, तोंड फाटकं. माझं माहेर पोशेरा. मी तडक दुकानात गेले.

"मास्तर, मला न विचारता मला लढायला पाठवलंत?"

त्यांनी टाचण्या काढून उशीत खोचल्या. "नाव नाही घातलं मावशी. नुसती पोशेऱ्याची म्हातारी."

"पोशेऱ्याच्या किती म्हाताऱ्या जव्हारच्या बाजारात बसतात?"

"चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं. काढून टाकतो. आजच्या आज."

ते खरंच उठले. मी म्हटलं, "थांबा. कोयत्याने काय काय केलं मी?"

"तीन वर्षं लढताय. अजून हरला नाहीत."

"समोर कोण असतं?"

"सरदार, सुभेदार. एक जादूगार होता. त्याला तुम्ही नुसतं बोलून पळवलंत."

"मग राहू दे," मी म्हटलं. चौथीनंतर माझं नाव कुठे वर आलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात म्हातारीची गाठ सरदार भालेरावाशी पडली. हा आखाड्यातला मोठा गडी. लढाई एका पडक्या देवळात चालली होती. सरदाराने भाला फेकला आणि मास्तरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, गुडघ्याला लागला, दुखऱ्याच. मी त्यांच्यावर चिडले. दुसऱ्या गुडघ्याला लावून घेतला असता तर काय बिघडलं असतं? म्हणाले, "मावशी, तुम्ही त्या पायावर वळता. तोच पुढे होता."

मग जव्हारची लाईट गेली. उन्हाळ्यात ती रोज सहा-सहा तास जायचीच, पण या वेळी टेलिफोनची लाईनही तुटली. पाच दिवस दिनेशची मशिनं काळी. आखाड्यात दोन दिवसांत उत्तर दिलं नाही तर हार धरत. मास्तर पाच दिवस चुकीच्या बाह्या कापत होते. लाईन आली तेव्हा वर गेले आणि खाली आले ते दिनेशकडून छापून घेतलेला कागद घेऊनच. आखाड्यातले लोक सरदाराला म्हणत होते, जिंकलास, मुदत टळली. सरदाराने लिहिलं होतं, "समोरच्याच्या गावात लाईट नसेल. तो बोलेपर्यंत मी थांबतो."

मास्तरांनी तो कागद मला तीनदा वाचून दाखवला. "असा दुश्मन मिळायला नशीब लागतं," म्हणाले.

आणि पुढच्याच चालीला त्या दुश्मनाने माझ्या मानेवर वार केला. मी चहा गाळत होते तो हाच दिवस.

"उडी मारून बाजूला व्हा ना," मी म्हटलं.

"कशी? गुडघ्याला भाला लागलाय. आपणच लिहिलंय."

"मग काय, मी काही उडी मारणार नाही. या वयात कोण उडी मारतं? मी खाली बसेन."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. तोंडातल्या टाचण्या थरथरल्या. "बसाल," ते म्हणाले. "बसालच. सरदाराने लिहिलंय की तलवार आधी लाकडी खांबाला घासली. म्हणजे तेवढा वेळ आहे." मग चेहरा परत पडला. "पण तेवढ्या वेळात बसता येईल का? नुसतं लिहून कसं चालेल? बघायला पाहिजे. चार वाजता बघू."

चार वाजायच्या आधी शमीम माझ्या टपरीच्या मागच्या बाजूने आली. पदराने घाम पुसला.

"मावशी, आश्रमशाळेचे गणवेश पडलेत. सगळे. जूनला शाळा उघडेल. यांनी एक पण कापला नाही. या वर्षी उशीर झाला तर पुढच्या वर्षी काम दुसऱ्याला जाईल, मग आम्ही काय शिवायचं?"

"मला का सांगतेस? त्यांना सांग."

"त्यांना रोज सांगते. तुमची ती म्हातारी मेली की हे वर जायचे बंद होतील. एवढाच नियम मला आवडतो."

"मग मी काय करू?"

"काही नका करू," शमीम म्हणाली. "तुम्ही फक्त मरा."

चार वाजता मास्तरांनी दुकानाबाहेर मला भिंतीजवळ उभं केलं. टेपने माझ्या मानेची उंची घेतली, वहीत लिहिली. मापाच्या लाकडी गजाला कापड गुंडाळलं, मला इजा होऊ नये म्हणून. दुकानाच्या दाराची चौकट हा देवळाचा खांब. दिनेशने हात खाली केला की मास्तरांच्या हातातला गज चौकटीला टेकून माझ्याकडे येणार आणि मी बसायचं. पानवाला सुपारी ठेवून बघायला आला.

पहिल्या वेळी मी बसले. घाबरून बसले, विचार करायला वेळच मिळाला नाही. गज डोक्यावरून गेला. पानवाल्याने टाळी वाजवली. मास्तर लहान मुलासारखे हसले. "तीनदा बघू. एकदा कुणालाही जमतं."

दारात शमीम उभी होती. हातात न शिवलेल्या खाकी कापडाचा गठ्ठा.

दुसऱ्या वेळी मी बसले नाही. बसल्यासारखं केलं. गज मानेला टेकला, मऊ लागला.

"लागलं?" मास्तरांनी विचारलं.

"लागलं."

तिसऱ्या वेळीही तेच. "लागलं?" "लागलं. गुडघा आहे मास्तर, मशीन नाही."

ते गज हातात घेऊन थोडा वेळ माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले. कापड सोडवलं, घडी केली. दिनेश म्हणाला, "मास्तर, एकदा तर बसल्या ना? तेच लिहा. कोण बघायला येणार आहे?" पानवाला म्हणाला, "लिहा हो, बसली म्हणून लिहा." मास्तर म्हणाले, "तीनातून दोनदा लागलं," आणि जिना चढून गेले.

त्यांनी लिहिलेलं दिनेशने नंतर मला दाखवलं. "म्हातारी खाली बसत होती. पोहोचली नाही. तलवार मानेला लागली, खोल लागली. सरदार, आपण फार छान लढलात. मी उठतो."

बाजारात मला सांत्वनाला लोक आले. पानवाल्याने विचारलं, "मावशी, तेरावं कधी?" मी म्हटलं, "तुझ्या घरी ठेव. जेवण चांगलं कर." गणवेश वेळेत गेले. शमीमने ईद नसताना मला शीरखुर्मा पाठवला. मी खाल्ला. चांगला झाला होता.

मास्तर माडीवर गेले नाहीत. दिनेश म्हणाला, दुसऱ्या नावाने या, कुणाला कळणार नाही. मास्तर म्हणाले, "मला कळेल." मापाच्या वहीचं समोरचं पान कोरं राहू लागलं. मला मात्र ते सकाळी टपरीवर बघून क्षणभर दचकत, मग जरा जास्तच अदबीने चहा मागत. मेलेल्या माणसाशी कसं बोलावं ते त्यांना कळत नव्हतं.

दिवाळीनंतर एक गाडी थांबली. नवरा, बायको, दोन मुलं. शिरपामाळ बघायला निघाले होते. बाई पिवळ्या पंजाबी ड्रेसमधली, पर्समधून मुलाला बिस्कीट काढून देत म्हणाली, "सलीम मास्तर तुम्हीच ना? मी नाशिकची. दातांची डॉक्टर आहे." मग खालच्या आवाजात, "सरदार भालेराव."

मास्तर उभे राहिले. मशीनवरचं कापड खाली पडलं. ज्या सरदाराला बाजार सहा महिने शिव्या देत होता, त्याला मास्तरांनी स्वतःचं स्टूल पुसून दिलं. "ताई, बसा. चहा घ्या."

मी चहा घेऊन गेले. बाईने माझ्याकडे बघितलं, कमरेकडे बघितलं, बहुतेक कोयता शोधत असेल. "या... त्याच?"

"त्याच," मी म्हटलं. "तुम्ही मारलंत ती."

ती पटकन वाकून माझ्या पाया पडली. तिच्या नवऱ्याला काही कळलं नाही. मग ती मास्तरांवर रागावली. खरंच रागावली. "मी मुद्दाम खांब ठेवला होता. वाट ठेवली होती तुमच्यासाठी. तुम्ही ती घेतली का नाही?"

"मोजून बघितलं ताई," मास्तर म्हणाले. "नाही पोहोचल्या."

मी कप घेऊन परत आले आणि धुवायला बसले. धुतलेलेच परत धुतले.

नंतर शाळांना तयार गणवेश यायला लागले, शहरातून, गठ्ठेच्या गठ्ठे. वेळेवर दिलं काय आणि उशिरा दिलं काय, काम गेलं ते गेलंच. शमीमने एवढं करून दोनच वर्षं मिळवली. मास्तरांनी दुकान सोडलं आणि दोघं भिवंडीला मुलीकडे जायला निघाली. मी स्टँडवर गेले. मास्तर एसटीत खिडकीशी बसले होते, पलीकडे शमीम. गळ्यात टेप तसाच, काढायचा राहिलेला.

"मावशी," ते म्हणाले, "पहिल्या वेळी तुम्ही बसला होतात. पुढच्या दोन्ही वेळी गुडघा वाकवलाच नाहीत."

शमीम दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायला लागली.

"तीस वर्षं माणसांची मापं घेतोय. वाकणारा गुडघा मला कळतो."

"मग लागलं म्हणून लिहिलंत कसं?"

"तुम्ही म्हणालात, लागलं. मी नाही कसं म्हणू?"

का म्हणालात, हे त्यांनी विचारलं नाही. कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीचा गज धरला होता तो सोडला. मास्तरांनी हात बाहेर काढून हलवला आणि गाडी वळेपर्यंत तो बाहेरच होता. शमीमने मान वळवली नाही.

मास्तर चार वर्षांनी भिवंडीला वारले. शमीम त्यानंतरच्या पावसाळ्यात गेली. आखाड्याचं पान बंद पडलं, दिनेश सांगत होता. मी जव्हारला आहे, जिवंत आहे.